बंदर आणि बंदी

नागासाकी हे नाव मराठीत एकटं क्वचितच येतं. ते हिरोशिमाच्या पाठोपाठ येतं, तेही ऑगस्टमधल्या ठरावीक दिवसांपुरतं. म्हणून आज तुम्हाला विमानतळावरून बसने शहरात आणत नाही. जपानच्या क्युशू बेटाच्या पश्चिम कडेला, डोंगरांच्या मधून आत घुसलेली एक अरुंद, लांबट खाडी आहे. तिथून तुम्ही शिरा, आणि शिरताना साडेचारशे वर्षं मागे जा. या शहरातली कुठलीही जागा एकाच काळाची नाही. पुढे पायरी चढलात की शतक बदलतं. एक गोष्ट मात्र प्रत्येक शतकात दिसेल. कुणीतरी काहीतरी बंद करतं आहे, आणि तेच दुसरीकडून कुठूनतरी आत येतं आहे.

१५७१: जहाजावरून

पाय घट्ट रोवा, डेक हलतो आहे. तुम्ही पोर्तुगीजांच्या भल्यामोठ्या व्यापारी जहाजावर आहात. या फेरीची सुरुवात गोव्याला होते. तिथून एप्रिल-मेमध्ये निघायचं, मलाक्कामार्गे मकाव गाठायचं आणि मकावला जवळजवळ वर्षभर मुक्काम ठोकायचा. कँटनच्या बाजारातलं रेशीम हाती यावं लागतं, आणि पुढच्या उन्हाळ्यातला नैऋत्य मोसमी वारा सुटावा लागतो. कोकणात पेरण्यांना पाऊस आणणारा हाच वारा तिकडे शिडं फुगवून तुम्हाला जपानकडे ढकलतो. खलाशांमध्ये आफ्रिकी आहेत, मलायी आहेत, गोव्याच्या बाजूचेही आहेत. जपानी चित्रकार पुढे सोनेरी पडद्यांवर ही जहाजं रंगवतील, तेव्हा त्यांत हे सावळे चेहरेही उतरतील.

जहाजाच्या पोटात चिनी रेशीम आहे आणि परत जाताना त्याच जागी जपानी चांदी असेल. चीनच्या मिंग बादशाहीने जपानशी थेट व्यापाराला मनाई केली आहे. जपानला रेशीम हवं आहे, चीनला चांदी हवी आहे, आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. मधली दलाली पोर्तुगीजांच्या पदरात पडते. नागासाकीची पहिली श्रीमंती अशी एका बंदीतूनच जन्मते.

समोर पाहा. समुद्रात घुसलेल्या एका चिंचोळ्या भूशिरावर नुकतेच सहा रस्ते आखले आहेत. ओमुरा सुमितादा या सरदाराने हे बंदर पोर्तुगीजांना खुलं केलं. आठ वर्षांपूर्वी तो स्वतः बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला आहे. १५८० मध्ये तो हे गाव थेट जेझुइट पाद्र्यांच्या हवाली करील. कोळ्यांच्या वाडीचं बघता बघता गजबजलेलं ख्रिस्ती शहर होईल आणि टेकड्यांवरून घंटा ऐकू येतील.

१५९७: निशिझाका

आता जहाजावरून उतरा आणि आजच्या नागासाकी रेल्वे स्थानकाबाहेर या. स्थानकासमोरच्या चढणीने पाचेक मिनिटांत निशिझाका टेकडीवर पोहोचाल. तारीख आहे ५ फेब्रुवारी १५९७, आणि थंडी कडाक्याची आहे.

जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने दहा वर्षांपूर्वीच पाद्र्यांना देश सोडायला सांगितलं होतं, पण हुकूम कागदावरच राहिला. आता त्याला धडा घालून द्यायचा आहे. क्योतो-ओसाकाकडे पकडलेल्या चोवीस जणांच्या डाव्या कानाचा लचका कापून त्यांना भर हिवाळ्यात सुमारे ८०० किलोमीटर चालवत इथे आणलं आहे. वाटेत आणखी दोघांना त्यांच्यात ढकललं आणि सव्वीस झाले. ठिकाण मुद्दाम नागासाकी निवडलं, कारण इथलं सगळं गाव ख्रिस्ती. पाहणाऱ्यांच्या काळजात धडकी भरली पाहिजे. गावाकडे तोंड करून सव्वीस क्रूस ओळीने उभे केले आहेत. सव्वीसांत वीस जपानी आहेत, त्यांत एक बारा वर्षांचा मुलगा.

ओळ नीट पाहा, कारण तीत एक तुमच्याकडचा आहे. गोन्सालो गार्सिया, जन्म वसईचा. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पा जिंकतील तीच ही वसई. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक असं वसईकर परंपरेने सांगतात. तरुणपणी तो जेझुइटांच्या मदतीला जपानात आला, भाषा शिकला, मग व्यापारात शिरला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि १५९३ मध्ये स्पॅनिश पाद्री पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषा म्हणून परत आला. हिदेयोशीच्या दरबारात बोलणी चालली, तेव्हा स्पॅनिश पाद्र्याचे शब्द जपानीत पोहोचवणारा हा वसईकर होता. त्याने रोममध्ये धर्मशास्त्राची पुस्तकं लिहिली नाहीत की मोठं पद भूषवलं नाही. त्याच्यापाशी होतं ते भाषेचं अंग. १८६२ मध्ये या सव्वीस जणांना संतपद मिळालं आणि भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून गोन्सालोचं नाव लागलं. आज वसईत त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे.

संतपदाच्या शताब्दीला, १९६२ मध्ये, इथे शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी केलेलं ब्राँझचं स्मारक उभं राहिलं. त्यांनी क्रूस दाखवलेलेच नाहीत. सव्वीस आकृती ओळीने हवेत उभ्या आहेत, पावलं खाली झुकलेली, जमीन नुकतीच सुटल्यासारखी. मागे छोटं संग्रहालय आहे. बहुतेक पर्यटक स्थानकावरून थेट बाँबच्या संग्रहालयाची ट्राम पकडतात आणि ही टेकडी मागेच राहते. तुम्ही तसं करू नका.

१६३८: उनझेनची वाफ, हाराची तटबंदी

शहराबाहेर पूर्वेला शिमाबारा द्वीपकल्प आहे. बसने दोनेक तासांत उनझेनला पोहोचता. पाय टाकताच गंधकाचा वास नाकात भरतो. खडकांच्या भेगांतून वाफ उसळते आहे, चिखल रटरटतो आहे. जपानी लोक या जागेला ‘नरक’ म्हणतात. आज तुम्ही इथे त्या वाफेवर उकडलेली अंडी खाता आणि संध्याकाळी गरम झऱ्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसता. १६२० च्या दशकाच्या अखेरीस, धर्मावर बंदी असताना, याच उकळत्या पाण्याने ख्रिस्ती लोकांचा छळ होत होता, धर्म सोडल्याचं कबूल करेपर्यंत.

डोंगर उतरून समुद्राकडे या. हारा किल्ल्याच्या पडक्या तटावर १६३८ च्या जानेवारीपासून शेतकरी ठाण मांडून आहेत. अवाच्या सवा सारा आणि धर्मावरचा जाच, दोन्ही एकदम सोसवेना तेव्हा ते उठले. पुढारी आहे अमाकुसा शिरो नावाचा मिसरूड न फुटलेला मुलगा. शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, फौजेने वेढा घातला आहे आणि किनाऱ्यापलीकडे एक जहाज तटावर तोफा डागतं आहे. ते डचांचं आहे. तेही ख्रिस्तीच, पण प्रॉटेस्टंट, आणि त्याहून आधी व्यापारी. एप्रिल १६३८ मध्ये किल्ला पडतो. आत सुमारे ३७,००० माणसं होती, त्यांची कत्तल होते.

या डोंगराचा आणखी एक काळ पाहून घ्या. १९९० मध्ये उनझेनचा फुगेन हा शिखरभाग जागा झाला. ३ जून १९९१ रोजी तप्त राख आणि वायूंचा लोट उतारावरून घसरला आणि ४३ जणांना घेऊन गेला. त्यांत पत्रकार होते, ज्वालामुखीचे अभ्यासकही होते. उद्रेकाने घडवलेलं नवं शिखर आज आसपासच्या सगळ्या शिखरांहून उंच आहे.

१७००च्या आसपास: देजिमा

पुन्हा शहरात. ट्राममधून देजिमाच्या थांब्यावर उतरलात की तुम्ही एका बेटावर असायला हवं, पण चहूकडे रस्ते आणि कचेऱ्या दिसतात. बंदरात भराव टाकता टाकता १९०४ पर्यंत हे बेट जमिनीत विरून गेलं. २०१७ मध्ये बांधलेल्या नव्या पादचारी पुलावरून आत जा, म्हणजे पुन्हा पाणी ओलांडल्यासारखं होईल.

हे बेट १६३६ मध्ये पोर्तुगीजांना कोंडून ठेवायला समुद्रात भराव घालून बांधलं. आकार पंख्यासारखा. तीन वर्षांत पोर्तुगीजांना देशाबाहेरच काढलं आणि बेट रिकामं पडलं. तेव्हा डचांना हिरादो बेटाहून उचलून १६४१ मध्ये इथे आणून ठेवलं. डचांनी हिरादोत दगडी वखार बांधली आणि तिच्यावर १६३९ असा ख्रिस्ती सन कोरला, एवढ्या निमित्ताने ती पाडायला लावली होती. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं पश्चिमेकडच्या जगाशी जपानचा अधिकृत व्यापार या एवढ्याशा बेटावरून चालला.

पहारेकऱ्याने तुम्हाला आत सोडलं आहे असं समजा. वर्षातले आठ-नऊ महिने इथे काही घडत नाही. डझनभर डच जांभया देत बसतात. त्यांना पूल ओलांडून गावात जायची परवानगी नाही, आणि गावातून आत यायला मोजक्याच लोकांना मुभा आहे. अधिकारी, दुभाषे, नोकर आणि मारुयामा वस्तीतल्या गणिका. उन्हाळ्यात डचांच्या बटाव्हिया ठाण्याहून जहाज आलं की बेट खडबडून जागं होतं. काय उतरतं आहे पाहा: बंगालचं रेशीम, कोरोमंडल किनाऱ्याचं छापील सुती कापड, साखरेची पोती. चढतं आहे ते मुख्यतः तांबं. नागासाकीच्या तांब्याच्या कांड्या जहाजातून हिंदुस्थानात येतात, कोरोमंडलला उतरतात, सुरतेलाही उतरतात. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या घंगाळात या खाडीतून निघालेलं तांबं असू शकेल.

मालापेक्षा मोलाची वस्तू डचांच्या डोक्यात असते. दर वर्षी जहाज आलं की त्यांनी जगाची खबर द्यायची, दुभाष्यांनी ती जपानीत उतरवून शोगुनकडे पाठवायची. दुभाष्याचं काम इथे बापाकडून मुलाकडे जातं. याच घराण्यांमधून पुढे डच भाषा, शरीरशास्त्र, खगोल, तोफा ओतण्याची विद्या जपानभर पसरते. १८२३ मध्ये फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ट हा जर्मन डॉक्टर या बेटावर येईल आणि वर्षभरात बेटाबाहेर नारुताकीला शिकवू लागेल. दूरदूरचे जपानी तरुण त्याच्याकडे वैद्यक शिकायला जमतील.

शेजारच्या गल्लीत चिनी व्यापारी आहेत, डचांपेक्षा संख्येने कितीतरी जास्त. १६८९ पासून त्यांनाही कुंपणाच्या आत ठेवलं. त्यांची देवळं मात्र शहरात आहेत. लाल दरवाज्याच्या सोफुकुजीत जा. नाकाशिमा नदीवरचा दोन कमानींचा दगडी पूल पाहा. एका चिनी भिक्षूच्या पुढाकाराने तो १६३४ मध्ये बांधला. पाण्यात प्रतिबिंब पडलं की चष्मा दिसतो. जुलै १९८२ च्या भयंकर पुरात तो मोडला, आणि वाहून गेलेले दगड शोधून पुन्हा जुळवला.

भूक लागली असेल तर दोन पदार्थ घ्या. कास्तेला हा पोर्तुगीजांच्या हातचा केक. लोणी नाही, अंडी आणि साखर भरपूर, तळाशी खडीसाखरेचे कण. तो करणारं एक दुकान १६२४ पासून इथे आहे. पोर्तुगीजांना हाकललं, त्यांच्या केकला कुणी हात लावला नाही. दुसरं चाम्पोन. जाड शेवया, डुकराचं मांस, कोळंबी, कोबी, सगळं एकाच दाट सुपात. १८९९ च्या सुमाराला एका चिनी खानावळवाल्याने ते गरीब चिनी विद्यार्थ्यांसाठी केलं असं सांगतात.

१८६५: ओउरा

दक्षिणेकडच्या टेकडीवर फरसबंदीचा रस्ता चढत जा. पावसाने दगड निसरडे आहेत. देश उघडला आहे, १८५९ पासून परदेशी लोक या उतारावर घरं बांधून राहू लागले आहेत. फ्रेंच पाद्र्यांनी त्यांच्यापुरतं एक लाकडी चर्च उभारलं आहे, सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने. जपानी माणसाला ख्रिस्ती होण्याची मनाई अजून कायम आहे.

१७ मार्च १८६५. दुपारची वेळ. उराकामी गावचे दहा-पंधरा शेतकरी दाराशी घुटमळत आहेत. फादर पतिजाँ दार उघडतात. एक बाई पुढे होते आणि त्यांच्या कानाशी कुजबुजते की आमचंही अंतःकरण तुमच्यासारखंच आहे. मग विचारते, मारियेची मूर्ती कुठे आहे? ती मूर्ती आजही त्या चर्चमध्ये आहे.

मागच्या सुमारे अडीचशे वर्षांत उराकामीने काय केलं ते आता लक्षात घ्या. पाद्री नव्हते, चर्च नव्हतं, ग्रंथ नव्हते. दर वर्षी गावच्या मुखियाच्या वाड्यात रांग लागायची आणि प्रत्येकाला येशू किंवा मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावा लागायचा. लोक पाय ठेवत, घरी येऊन क्षमेची प्रार्थना करत. गावात एकाकडे सणवारांची दिनदर्शिका सांभाळायचं काम, दुसऱ्याकडे बाप्तिस्मा देण्याचं. प्रार्थना तोंडपाठ. त्यातल्या लॅटिन-पोर्तुगीज शब्दांचा अर्थ कधीच हरवला होता, पण ज्ञानेश्वरीचा अर्थ न कळताही पारायण न चुकवणारी आपल्याकडची आजी ज्या निष्ठेने बसते, त्याच निष्ठेने ते म्हटलं जाई. देव्हाऱ्यात पांढऱ्या चिनीमातीची कान्नोन, म्हणजे करुणेची बौद्ध देवी. पाहणाऱ्याला ती देवी, घरच्यांना मारिया. शहराच्या उत्तरेला सोतोमेच्या किनाऱ्यावर आणि समुद्रापार गोतो बेटांवरही असंच चाललं होतं. सोतोमे-गोतोकडची काही गावं आणि ओउराचं चर्च २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली.

शोध लागल्याचा आनंद फार टिकला नाही. उराकामीच्या लोकांनी उघडपणे धर्म सांगायला सुरुवात केली आणि सरकारने सुमारे ३,४०० जणांना देशभर हद्दपार केलं. सहाशेहून अधिक परतलेच नाहीत. १८७३ मध्ये बंदी उठली. जे परतले त्यांनी पै पै जमवून जागा विकत घेतली ती नेमकी मुखियाच्या वाड्याची, जिथे त्यांच्या पिढ्यांना प्रतिमेवर पाय ठेवावा लागला होता. तिथे विटांचं मोठं कॅथेड्रल बांधायला १८९५ मध्ये सुरुवात केली. दोन मनोरे पुरे व्हायला १९२५ उजाडलं.

ओउराच्या वरच स्कॉटिश व्यापारी थॉमस ग्लोव्हरचा १८६३चा बंगला आहे. तिथल्या बागेतून समोरची मित्सुबिशीची गोदी आणि १९०९ची अजस्र क्रेन दिसते. हाच देखावा पुढे अडचणीचा ठरला. गोदीत मुसाशी ही युद्धनौका गुपचूप बांधली जात होती. तिच्याभोवती दोरांचे प्रचंड पडदे सोडले होते, आणि १९३९ मध्ये हा बंगला मित्सुबिशीने विकत घेतला.

१९४५: उराकामी

९ ऑगस्टची सकाळ. तुम्ही कॅथेड्रलच्या अंगणात आहात. पंधरा तारखेला मारियेच्या स्वर्गारोहणाचा सण, त्याच्या तयारीसाठी लोक पापनिवेदनाला आले आहेत. विमान आधी कोकुरा शहरावर गेलं होतं. तिथे खालचं काही दिसेना, म्हणून ते इकडे वळलं आहे. ११ वाजून २ मिनिटांनी बाँब फुटेल, या अंगणापासून अवघ्या पाचशे मीटरवर, जमिनीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर. त्या मिनिटाआधी तुम्ही इथून निघा. तिथे थांबल्याचा आव आणायचा अधिकार ना लिहिणाऱ्याला, ना वाचणाऱ्याला.

वर्षअखेरीपर्यंत सुमारे ७४,००० माणसं गेली. कॅथेड्रलमध्ये त्या वेळी असलेलं कुणीही वाचलं नाही. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मेले. शोगुनांना अडीचशे वर्षांत जी वस्ती संपवता आली नव्हती, ती एका ख्रिस्ती देशाच्या बाँबने जवळजवळ पुसली. आता संग्रहालयात जा. तिथल्या वितळलेल्या बाटल्या आणि थांबलेली घड्याळं तुम्ही हिरोशिमाच्या चित्रांतही पाहिली असतील. या वस्तीचा पूर्वइतिहास मात्र नागासाकीचाच आहे.

कॅथेड्रलच्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यात धडधाकट सापडली आणि १९४५ च्या नाताळच्या आदल्या रात्री तिपाईवर टांगून वाजवली गेली. दुसऱ्या मनोऱ्यात नवी घंटा बसायला २०२५ साल लागलं. तिच्यासाठी पैसे अमेरिकेतल्या कॅथलिकांनी दिले. जवळच सान्नो देवळाची दगडी कमान एका पायावर उभी आहे. तिथले जळून काळे पडलेले दोन कापराचे वृक्ष पुन्हा हिरवेगार झाले आहेत.

१९५९: हाशिमा

बंदरातून होडीने पाऊण तास. समुद्रातून वर आलेली काँक्रीटची भिंत आणि तिच्या आत दाटीवाटीने उभ्या इमारती. लांबून युद्धनौका वाटते म्हणून लोक या बेटाला तेच नाव देतात. सहा हेक्टरांहून थोड्या जास्त जागेत ५,२५९ माणसं राहतात. खाली समुद्राच्या तळाखाली कोळशाची खाण, वर शाळा, दवाखाना, सिनेमागृह. १९१६ मध्ये बांधलेली इथली सातमजली इमारत जपानमधली पहिली सिमेंट-काँक्रीटची चाळ म्हणून ओळखली जाते. युद्धकाळात कोरियन आणि चिनी मजुरांना इथे सक्तीने राबवलं. मार्गदर्शकाने ते सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

पंधरा वर्षं पुढे या. तेल स्वस्त आहे, कोळसा नको झाला आहे. जानेवारी १९७४ मध्ये खाण बंद होते आणि एप्रिलपर्यंत बेट रिकामं. २००९ पासून पर्यटकांना उतरू देतात, लाटा परवानगी देतील तेव्हाच.

आज: सुवा देवळाच्या पायऱ्या

आता वर्तमानात या, पण ऑक्टोबरच्या ७ ते ९ तारखांना. सुवा या शिंतो देवळाच्या लांबच लांब दगडी पायऱ्यांवर जागा धरा. हा कुन्चीचा उत्सव १६३४ पासून चालत आला आहे. अधिकाऱ्यांनी त्याला बळ दिलं ते गावातली ख्रिस्ती सवय मोडावी म्हणून. प्रत्येक मोहल्ल्याची पाळी सात वर्षांनी येते, त्यामुळे तरुण पोरं महिनोन् महिने तालीम करतात.

आधी चिनी ड्रॅगन येतो, चंद्राचा गोळा गिळायला झेपावत. मग एक मोहल्ला ढोलवाल्या मुलांसकट जड मखर हवेत उडवतो आणि एका हाताने झेलतो. नंतर चाकांवरचं डच जहाज. एखाद्या वर्षी पोर्तुगीजांचंही, शिडं उभारलेलं. घामाने निथळणारी माणसं ते दगडी अंगणात गरागरा फिरवतात, चाकं किंचाळतात. खेळ संपवून ते मागे फिरतात तेव्हा पायऱ्यांवरचा सगळा जमाव एका सुरात ओरडतो, “मोत्तेकोई!” म्हणजे, पुन्हा आणा इकडे. परक्यांची छाप पुसायला ज्याला बळ दिलं, त्याच उत्सवात गाव परक्यांचं जहाज जाऊ द्यायला तयार नाही. आवाजाला मान देऊन माणसं जहाज वळवतात आणि पुन्हा धावत आत आणतात. तुम्हीही घसा मोकळा करा आणि ओरडा.